परतीची वायर

गाडीच्या काचेला पूर्वी हँडल असायचं. फिरवलं की काच खाली, उलटं फिरवलं की वर. त्यात बिघडायचं काय, तर हँडलाची क्लिप निघायची नाहीतर आतली दाती झिजायची, आणि काय झालंय ते हाताला लगेच कळायचं. आता बटणं आली. बटण चालू असतं तोवर माणूस त्याच्याकडं बघत नाही आणि बंद पडलं की ते बोटाला काही सांगत नाही. चालू असताना जसं दबतं तसंच बंद असतानाही दबतं. मग गाडी मिस्त्रीकडं न्यायची, तो म्हणेल ते बदलायचं आणि तो सांगेल ते पैसे द्यायचे.

मी द्राक्षबागेत राबणारा माणूस. १९७७ साली दहावी झालो. जुनी अकरावी जाऊन दहावी आली त्याला तेव्हा दोनच वर्षं झालेली. विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा धडा होता, पण खरी वीज मला शिकवली ती विहिरीवरच्या मोटरीनं. आमच्या तासगाव भागात रात्री-अपरात्री लाइट यायची आणि वायरमन सापडायचा तो दुसऱ्या दिवशी. एक फेज गेलेला असताना मोटर चालू झाली की नुसती हुंकार देते, उचलत नाही, आणि तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं. नवीन जोडलेली मोटर उलटी फिरली तर तिन्हीतल्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, सुलटी फिरते. टेस्टर पेटतो म्हणजे करंट आहे एवढंच कळतं. त्या करंटात जोर आहे का ते टेस्टर सांगत नाही. पायात चप्पल घालून आणि एक हात पाठीमागं ठेवून पॅनेल उघडायचं. एवढं शिक्षण मला चाळीस वर्षांत मिळालं. आता सांगणार आहे त्या कामाला एवढंच भांडवल पुरलं.

आमच्या घरी गाडी आली ती हौसेनं नाही. २०१८ च्या जानेवारीत मंडळींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि सांगलीला डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी चार तास मशीनवर. सरकारी योजनेत बसल्यामुळं डायलिसिसचे पैसे लागत नव्हते, पण जायचं-यायचं आपलं आपल्याला बघावं लागतं. पहिले तीन महिने एसटीनं आणि वडापनं गेलो. जाताना ठीक असायचं. येताना तिचं बीपी उतरलेलं, पायात गोळे आलेले, उभं राहवत नाही आणि एसटीत बसायला जागा नाही. एकदा माधवनगरला रस्त्याकडेलाच ती खाली बसली. त्या वर्षीची द्राक्षं गेली आणि हातात पैसे आले तशी मी जुनी गाडी घेतली. २०१० चं मॉडेल, एक लाख चाळीस हजार. एजंट म्हणाला, "आण्णा, चारी काचा बटणावरच्या हायत बघा." मला त्याचं काही कौतुक नव्हतं, पण पुढं चार वर्षांत त्यातल्या एका काचेला आमच्या घरात फार किंमत आली.

ती काच म्हणजे पुढची डावी. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. तिला दिवसाला एक लिटर, चहा-आमटी त्यातच धरून. मशीनवरून उठली की तोंडाला कोरड पडलेली असायची आणि पाणी तर द्यायचं नाही. एसीच्या वासानं तिला मळमळायचं. तोंडावर वारा लागला की तहान जरा मरते, असं ती म्हणायची. सांगली सोडली की सीट मागं पाडून ती पडायची आणि आपल्या बोटानं काच पाहिजे तेवढी खाली करायची. कवलापूर गेलं की थोडी वर. कवठे एकंद आलं की पुन्हा खाली. त्या दिवशी बाकी सगळं तिला दुसऱ्यांनी केलेलं असायचं. सुया दुसऱ्यांनी टोचायच्या, वजन दुसऱ्यांनी घ्यायचं, चप्पल पायात मी घालायचो. तेवढी काच तिची होती.

२०२२ च्या जुलैतली गोष्ट. मंगळवार होता. परत येताना कवलापूरच्या पुढं पाऊस आला. तिनं बटण ओढलं, काच वर येईना. मी माझ्या दारातल्या बटणानं बघितलं, तरी नाही. काच पार तळाला गेलेली आणि पाऊस डाव्या बाजूनंच झोडपतोय. डिकीत युरियाचं रिकामं पोतं होतं ते आडवं धरलं. तिच्या डाव्या हाताला फिश्चुला केलेला, म्हणजे मशीनच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं एकमेकींना जोडलेल्या. त्या हातानं जड उचलायचं नाही, ताण द्यायचा नाही. म्हणून उजवा हात आडवा घालून पोतं धरून बसली. घरी आलो तोवर लुगडं ओलं, दात वाजतायत.

रात्री पुण्याहून थोरल्याचा फोन आला. तो चार वर्षं एकच सांगत होता, "आण्णा, आईला घेऊन इकडं या. घराजवळच डायलिसिस सेंटर आहे. ती जुनी गाडी घेऊन पावसापाण्याचं कशाला हिंडताय?" त्याचं काही वावगं नव्हतं. पण हिचा जीव इथं होता. शेजारणी होत्या, दारात म्हैस होती, बाग होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकदा पंधरा दिवस राहून आली तेव्हा म्हणाली होती, "तिथं मी नुसती पेशंट हाय, इथं निदान घरची मालकीण तरी हाय." फोन माझ्याकडं येण्याआधी तिनं मला खुणेनं सांगितलं, काचेचं बोलू नका. मी बोललो नाही. पण गाडीत आज काच गेली, उद्या आणखी काही गेलं, तर तो येऊन घेऊनच जाणार हे दोघांनाही कळत होतं.

बुधवारी तासगावात मिस्त्रीकडं गेलो. ओळखीचा पोरगा, हाताला चांगला. त्यानं बटण दाबून बघितलं. काच तळालाच होती, तरी खाली दाबलं की दारात टक्क आवाज यायचा. वर ओढलं की काही नाही. म्हणाला, "मोटर वीक झाली आण्णा. मोटर न् मशीन अख्खा सेट बदलूया. बेचाळीसशे."

"खाली ढकलतीया की मोटर, मग गेली कशी?"

"खाली जायला काय लागतंय? काच आपल्या वजनानं जाती. वर वढायला ताकद लागती."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हातारी झालेली मोटर वर जाताना दम खाते, अडखळते, हे खरं आहे. रबरात धूळ बसून काच घट्ट झाली तरी तसंच होतं. पण अशी मोटर आधी आठ-पंधरा दिवस कुरकुरते. आमची काच सोमवारपर्यंत सरळ चालत होती. मी म्हणालो, दोन दिवसांनी सांगतो.

गुरुवारी बागेवर टाकायचा प्लास्टिक कागद कापून खिडकीला चिकटवला आणि सांगलीला गेलो. एरवी मी तिच्याजवळ वॉर्डाबाहेर बसायचो. त्या दिवशी खिडकी उघडी असल्यामुळं चार तास गाडीतच राखण बसलो. मधल्या वेळात तिथल्याच एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, आतली वायरिंग अख्खी बदलावी लागेल, नऊ हजार आणि गाडी दोन दिवस ठेवा. दोन दिवस! आमच्याकडं सलग दोन दिवस मोकळे ते फक्त रविवार आणि सोमवार, आणि रविवारी त्याचं दुकान बंद. शनिवारीही त्याच प्लास्टिकमधून गेलो. वाऱ्यानं ते फडफड वाजायचं, तिला झोप नाही, वारा नाही. कुमठे फाट्यावर उलटी झाली. तोंड पुसत म्हणाली, "चार दिवस झालं पोत्यात बसवून नेताय. मी काय कांदा हाय का?"

आताच्या मिस्त्रीला दुरुस्ती येत नाही असं मी म्हणणार नाही. त्याला शोधाशोधीचा वेळ परवडत नाही. सेट बदलला तर तासाभरात काम होतं आणि गिऱ्हाईकही पैसे देतं. दोन तास घालवून दहा रुपयांची वायर सापडली तर त्या दोन तासांचे पैसे आपण देतो का? मोटर रिवाइंड करणारे आमचे जुने कारागीर तसेच मागं पडले. माझं म्हणाल तर पावसाळ्यात बागेला विश्रांती असते, औषध मारण्यापुरतं काम. माझ्याकडं रविवार होता.

शनिवारी रात्रीच थोडं सुरू केलं. आधी सोप्यातलं सोपं. ड्रायव्हरच्या दारावर एक कुलपाचं बटण असतं. ते दबलं की बाकीच्या काचा आपापल्या बटणानं हलत नाहीत. नातू सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं ते दाबून ठेवलं होतं आणि आम्ही अर्धा तास शोधत बसलो होतो. या वेळी ते नव्हतं. फ्यूज बघितला, तीस अँपिअरचा हिरवा. शाबूत. तो गेला असता तर बाकीच्या काचाही बंद पडल्या असत्या, त्या चालत होत्या. म्हणजे भानगड या एका काचेपुरतीच.

मग अंधारात गाडीच्या छताचा दिवा लावला आणि तिचं बटण खाली दाबलं. दिवा जरासा मंद झाला. वर ओढलं. दिवा हलला नाही, होता तसाच राहिला. पुन्हा खाली, पुन्हा मंद. पुन्हा वर, जसाच्या तसा.

हे बघून मला बरंच कळलं. बॅटरीवर मोठा लोड आला की दिवा दबतो. घरात मिक्सर लावला की बल्ब दबायचा, तसंच. मोटर दमलेली असती, काच घट्ट झाली असती, तर वर ओढताना मोटरीनं उलट जास्त करंट ओढला असता आणि दिवा जास्त मंद झाला असता. इथं वर ओढताना मोटर काहीच ओढत नव्हती. तिच्यापर्यंत करंटाचा फेराच पुरा होत नव्हता. ताकदीचा प्रश्न मिटला, बेचाळीसशे वाचले. काचेचं काहीही बिघडलं तरी हा दिवा एकदा बघावा असं मी सांगेन. दिवा मंद होतो आणि काच हलत नाही, तर अडचण मोटरीत, मशीनमध्ये किंवा रबरात. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच जागची हलत नाही, तर आतली तार तुटलेली. दिवाही हलत नाही आणि आवाजही नाही, तर करंटाच्या वाटेवर कुठं तरी तुटलंय, बहुतेक करून बटण, वायर नाहीतर कपलर. फक्त बॅटरी चांगली पाहिजे, नाहीतर दिवा कशानंही दबतो.

रविवारी सकाळी दूध घालून आलो आणि दाराचा पॅड काढला. स्क्रू दोन-तीनच असतात, बाकी प्लास्टिकच्या खुंट्या. जोरानं ओढलं तर त्या तुटतात, म्हणून खालून रंधा-पटाशीची पाती घालून हळूहळू उचकटायचं. आत मोटर, तिला दोनच वायरी. माझ्याकडं मीटर होता, पण मी काढला तो जुना इंडिकेटरचा बल्ब, एकवीस वॅटचा, त्याला दोन वायरी जोडलेला. मीटर स्वतः करंट ओढत नाही. वायरीची एकच काडी शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. बल्बाला पेटायला पावणेदोन अँपिअर लागतात, तो खोटं बोलत नाही. विहिरीवर टेस्टर पेटतो आणि मोटर उचलत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

ती म्हणाली, "मी काय करू?" तिला गाडीत बसवलं, म्हटलं, मी सांगेन तसं बटण दाब.

मोटरीचा कपलर सोडवला. "वर." एका वायरीत करंट आला, बल्बाचं दुसरं टोक दाराच्या लोखंडाला लावलं की लख्ख पेटला. म्हणजे बटण चांगलं, येणारा करंट चांगला. आता बल्ब दोन्ही वायरींच्या मध्ये लावला. "वर." पेटला नाही. "खाली." पेटला.

इथं जरा थांबून या वायरींचं सांगतो, कारण गंमत इथंच आहे. काचेची मोटर डीसी असते. तिच्या दोन वायरींत करंट एका बाजूनं घातला तर ती सुलटी फिरते, दुसऱ्या बाजूनं घातला तर उलटी. वर-खाली करायला वेगळं काही नसतं. बटण कुणी दाबलेलं नसतं तेव्हा दोन्ही वायरी अर्थिंगला टेकलेल्या असतात. दाबलं की त्यातली एक अर्थिंग सोडून पॉझिटिव्हला चिकटते आणि दुसरी अर्थिंगलाच राहते. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. आता त्या काळच्या बऱ्याच साध्या गाड्यांत, निदान आमच्या गाडीत तरी, डाव्या बटणाला स्वतःचं अर्थिंग नसतं. तिथल्या दोन्ही वायरी गाडीच्या आतून ड्रायव्हरच्या दारापर्यंत येतात आणि तिथल्या मोठ्या बटणात अर्थिंगला मिळतात. म्हणजे ती आपल्या बटणानं आपली काच वर घेते, माझं बोट माझ्या बटणाला लागतही नाही, तरी करंट परत जातो तो माझ्या दारातून. नव्या गाड्यांत दारादारात छोटे कॉम्प्युटर आलेत, तिथं हा हिशोब चालत नाही.

त्या दोनपैकी एक वायर मध्येच तुटली तर काय होईल? तिच्या बटणानं काच एकाच बाजूला चालेल; दुसऱ्या बाजूला करंट जाईल पण त्याला परत यायला वाट नाही. आणि माझ्या बटणानं तर दोन्हीकडं चालणार नाही, कारण माझ्या बटणाला एका वेळी करंट न्यायला ती वायर लागते आणि दुसऱ्या वेळी परत आणायला तीच लागते. आमच्या काचेचं तंतोतंत असंच चाललं होतं. तिच्याकडून फक्त खाली, माझ्याकडून काहीच नाही.

खात्री करायला बल्बाचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला वायर ओढून जोडलं आणि दुसरं त्या संशयित वायरीला. अर्थिंग असतं तर पेटायला पाहिजे होता. नाही पेटला. शेजारच्या वायरीला लावला, पेटला. मी हे तिला समजावून सांगत होतो, की करंट जायला एक वाट लागते आणि यायला एक, जाणारी धड आहे, परतीची तुटलीय. तिनं बाही वर करून डावा हात माझ्यापुढं धरला. "ह्यातनं बी तसंच. एका नळीनं जातंय, दुसरीनं येतंय. येणारी अडकली की मशीन शिट्टी मारतंय." एवढं बोलली आणि पुन्हा बटणावर बोट ठेवून बसली. चार वर्षं तिच्याशेजारी बसून मला ते सुचलं नव्हतं.

आता वायर कुठं तुटली? दाराच्या आत वायर हलत नाही, गाडीच्या आतही हलत नाही. हलते ती एकाच ठिकाणी, बिजागरीजवळ, जिथं दार आणि बॉडीच्या मध्ये घड्या घड्यांची रबरी नळी असते तिथं. कपलर पुन्हा जोडला, तिला म्हटलं, बटण वर ओढून धर, सोडू नको. मी दार हळूहळू उघडायला लागलो. अर्धं उघडलं, काही नाही. आणखी थोडं, आणि काच एकदम वितभर वर उसळली आणि थांबली. ती दचकली, मग हसायला लागली. म्हणाली, "परत करा की." दार जरा मागंपुढं केलं, काच पुन्हा वितभर. असं करत करत चार दिवसांनी काच वर आली. तोंडाजवळचं प्लास्टिक तिनंच ओढून फाडलं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवला. रबरी नळी दोन्ही टोकांनी उपसून मागं सरकवली. आत नऊ वायरी, काही काचेच्या, काही कुलपाच्या, दोन स्पीकरच्या. एकेक चिमटीत धरून हलकेच ताणली. धड वायर ताणत नाही. त्यातली एक रबरासारखी लांबली, कारण आत तांबं नव्हतंच, नुसतं वरचं प्लास्टिक होतं. सोलून बघितली तर आत हिरवट चुरा. आणखी दोन वायरींचं प्लास्टिक तडकलं होतं, तांबं अजून शाबूत.

मी पायरीवर बसून हिशोब केला. आठवड्याला तीन खेपा. प्रत्येक खेपेला तिचं दार किमान आठ वेळा उघडतं. घरी बसताना, दवाखान्यात उतरताना, व्हीलचेअर आणताना, पिशवी घ्यायला, परत तेच. वर्षाला बाराशे. चार वर्षांत पाच हजार वेळा ती वायर त्याच जागी वाकली. ड्रायव्हरच्या दाराचं मी तेवढं उघडत नाही, एकदा बसलो की बसलो.

जोड देताना लोक तिथल्या तिथं वायर पिळून टेप मारतात. तसं केलं तर महिन्यात पुन्हा तुटणार. डाग दिला तर तो जोड ताठ होतो आणि वाकायच्या जागी ताठ जोड असला की त्याच्या शेजारी तुटतं. म्हणून मी जुनी वायर दोन्ही बाजूंनी लांब कापली, एक टोक दाराच्या आत, दुसरं बॉडीच्या आत, आणि मध्ये बारीक तारांची नवी मऊ वायर घातली. जाडी तेवढीच, बारीक वायर चालत नाही, तापते. तिन्ही वायरींचे जोड एकाच जागी न घेता पुढंमागं घेतले, म्हणजे गाठ होत नाही. सोल्डरिंगचं यंत्र गावातल्या मोबाईलवाल्या पोराकडून आणलं होतं. तो यंत्राबरोबर स्वतःही आला आणि डाग त्यानंच दिले, माझा हात आता थरथरतो. वरून आकसणारी नळी बसवली. रबर परत चढवताना त्याचं तोंड नीट बसलं पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून सरळ आत येतं. खर्च वायर, नळी आणि पोराचा चहा धरून एकशे दहा रुपये. मोबाईलवाल्यानं पैसे घेतले नाहीत, दोन किलो बेदाणा नेला.

बॅटरी जोडली. तिनं काच खाली केली, वर केली. मग मी माझ्या बटणानं केली. मग तिनं पुन्हा केली, उगाचच, पाच-सहा वेळा. मी म्हणालो, बास, बॅटरी उतरंल. म्हणाली, उतरू दे.

दुपारी चहा पिऊन ड्रायव्हरच्या दाराची नळीही उघडून बघितली. तिथं सगळं धड होतं. मागची दोन्ही दारं बघितली नाहीत, त्यांत कोण बसतंय?

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला तेव्हा तीच बोलली. पाऊस कसा आहे, म्हैस किती दूध देते, डायलिसिसला कुणी नवीन सिस्टर आलीय, सगळं सांगितलं. गाडीचं त्यानंच विचारलं. "गाडी चांगली हाय," म्हणाली, "तू नवीन कशाला घेतोस, पैसे साठव." त्यानं नवीन गाडीचा विषय काढलाही नव्हता. मंगळवारी आम्ही सांगलीला गेलो. येताना पाऊस नव्हता. कवलापूरपर्यंत काच पूर्ण खाली, पुढं अर्धी. कवठे एकंदला तिला झोप लागली होती, तेव्हा माझ्या बटणानं मी ती वर घेतली.

बुधवारी तासगावला औषध आणायला गेलो तेव्हा तुटलेल्या वायरीचा तुकडा खिशात होता. मिस्त्रीच्या दुकानात थांबून त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाकवला, ताणला, उजेडात धरून बघितला. मी छताच्या दिव्याचं सांगितलं, बल्बाचं सांगितलं. पोरगं ऐकून घेतं, हे त्याचं मला आवडतं. तो तुकडा त्यानं पाना-स्क्रूड्रायव्हर अडकवतात त्या फळीवर खिळ्याला टांगला आणि म्हणाला, "आण्णा, मागच्या हप्त्यात एका मास्तरांच्या गाडीला सेट बसवला. कालपास्नं परत काच वर येईना झालीया. ते आता भांडायला येणार हायत."

"दार अर्धं उघडून बघितलंस का?" मी विचारलं.